मोहाखालचा आवाज

मार्च सरत आला की आमच्या कारखान्यात दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसतो. हवा इतकी कोरडी होते की अंगावरच्या कपड्यांत वीज साठते. नायलॉनची ओढणी घालून येऊ नका, असं मी दरवर्षी याच दिवसांत सांगते आणि दरवर्षी याच दिवसांत कोणीतरी लग्नघरातून थेट तीच ओढणी घेऊन येते. माणसाला ही वीज नुसता चिमटा काढते. सर्किटचा तिळाएवढा सुटा भाग मात्र ती आतून जाळून टाकते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर जमिनीत. एरवी त्या पट्ट्यासाठी मला ओरडावं लागतं. उन्हाळ्यात न सांगता घालतात.

याच दिवसांत त्यांच्या कपड्यांना मोहाचा वास येतो. मूल तालुक्याकडून येणाऱ्या गाडीतल्या पोरी पहाटे मोह वेचून, अंघोळ करून, डबा भरून येतात, तरी वास जात नाही. गोड, जड, जरासा आंबूस. आमचा हॉल बंद, एसी चालू. दुपारपर्यंत तो सगळीकडे होतो. मागे पुण्याहून एक इंजिनिअर मशीन तपासायला आले होते, त्यांनी नाक वर करून विचारलं, "मॅडम, हे कुठलं केमिकल?" मी म्हटलं, "केमिकल नाही, फूल आहे. तुम्ही मशीन बघा."

यंदाचा मोह गळायला लागला आहे. परवा सकाळी हॉलमध्ये शिरले, वास आला आणि मी टेस्टिंगच्या टेबलाकडे बघायचं टाळलं. तिथे काही नव्हतं. भिंगाचा दिवा, एक खुर्ची, खुर्चीवर कोणाची तरी पर्स. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आमच्या घरात कधीच नव्हता. पण काही वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामापासून हा वास आला की माझे कान आपोआप उभे राहतात. हे खरं आहे, आणि खरं आहे ते लिहायला हरकत नाही.

आम्ही सर्किट बोर्ड भरतो. चंद्रपूरच्या एमआयडीसीत, पाईपांच्या गोदामाशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये असलं काही बनत असेल असं कोणाला वाटत नाही. माझ्या नवऱ्याला बरीच वर्षं वाटायचं की मी रेडिओ दुरुस्त करते. तो घुग्घुसच्या खाणीत शिफ्टला. त्याचे कपडे झटकले की कोळसा पडतो, माझे झटकले की काहीच पडत नाही, म्हणून माझं काम त्याला जरा खोटंच वाटतं.

काम असं. कोऱ्या हिरव्या बोर्डावर, बारीक छिद्रांच्या पत्र्यातून, कथलाचा ओला राखाडी लेप लावायचा. मग बोर्ड मशीनखाली सरकतो. मशीनच्या दोन्ही अंगांना सुट्या भागांची रिळं टांगलेली. मशीनचं डोकं झपकन तिकडे जातं, पोकळ नळीने हवा ओढून एक कण उचलतं, वाटेत कॅमेऱ्यावर थांबून त्याला खालून बघतं, वाकडा असेल तर सरळ वळवतं, आणि लेपावर ठेवतं. डोळ्याला हे सगळं एकच हालचाल वाटते. कान लावला तर टपटप, टपटप, टपटप. भरलेला बोर्ड भट्टीतून जातो, लेप वितळून थिजतो, आणि ते कण जन्माचे तिथे बसतात. पूर्वी हे काम पोरी चिमट्याने करायच्या. मशीन आलं तेव्हा सगळ्या जणी काम सोडून त्याच्याभोवती उभ्या राहिल्या होत्या, नवीन सून बघावी तशा. वैशाली म्हणाली, "हे तं कोंबडी आहे वो! पाहा ना कशी टिपते." तेव्हापासून आमच्याकडे त्या मशीनला दुसरं नाव नाही. बाहेरचे लोक आले की मी मशीन म्हणते.

वैशाली मूलच्या पुढच्या एका गावची. गाव जंगलाला इतकं खेटून, की शेवटच्या घराच्या मागे कुंपण नाही, सरळ झाडंच. घरात ती आणि तिची माय शेवंताबाई, दोघीच. बारावीनंतर आयटीआय करून ती आमच्याकडे आली आणि कोंबडीला दाणे घालायचं काम तिच्याकडे आलं. म्हणजे संपलेली रिळं काढायची, नवी लावायची. तिचा आवाज मोठा होता. हॉलच्या त्या टोकाहून ओरडायची, "मॅडम, कोंबडी उपाशी आहे वो! शिव्या देऊन राह्यली!" मशीन अडलं की लाल दिवा लागतो, त्याला ती शिव्या म्हणायची. मी तिला हळू बोल म्हणून सांगून थकले. ती म्हणायची, "जंगलातल्या मानसाचा आवाज आहे, मॅडम. आमच्याकडे हळू बोललं तं कोनी घरी येत नाई."

त्या सुमारास आम्हाला जंगलकडेच्या गावांसाठी इशाऱ्याच्या डब्यांचं काम मिळालं. खांबावर बसवायचा डबा, वर सौरपत्रा. जंगलाच्या बाजूने मोठं जनावर हललं, की डब्याला त्याची ऊब कळते आणि गावाच्या बाजूचा भोंगा वाजतो. मोहाच्या दिवसांत याची गरज सगळ्यांत जास्त. मोह पहाटे गळतो. बाया झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन काळी करून ठेवतात, म्हणजे फूल दिसतं. आणि उजाडायच्या आत, वाकून, मान खाली घालून वेचत बसतात. वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही, चार पायांचं सावज दिसतं.

पहिले डबे लावले तेव्हा भोंगा वाजला तरी बाया जागच्या हलल्या नाहीत. मी वैशालीला विचारलं, तुमच्या गावात काय झालं?

"भोंग्याले कोन भेते, मॅडम? शाळेचा भोंगा, मिलचा भोंगा, हा एक अजून. बाया म्हन्तेत, वाजू दे, दोन मुठी वेचून मंग जातो."

"मग काय वाजवायचं?"

"वाजवाचं नाई. बोलवाचं."

वनखात्याकडून मजकूर मागवला. आला तो असा, की सावधान, या परिसरात वाघाचा वावर आढळला आहे, नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. वैशालीने तो कागद बातम्या सांगतात तसा वाचून दाखवला. हॉल हसून हसून लोळला. मग ती म्हणाली, "नागरिक कोन वो? माही माय नागरिक आहे काय? अन् जंगलात त्याचं नाव घेते काय कोनी?"

ते खरं होतं. जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, आणि कोणतं ते सगळ्यांना समजतं.

शेवटी आवाज तिनेच दिला. लेपाच्या डब्या ठेवायची आमची एक लहान खोली आहे, तिथला फ्रीज बंद करून, दार लावून. आधी तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "थांबा जरासक," डोळे मिटले, आणि ओरडली. "बाई वो, जनावर आहे! टोपली राहू द्या, मांगं या!" बाहेर हॉलमध्ये पोरी हातातलं काम टाकून दाराशी आल्या. एकीने विचारलं, "काय झालं वं?" मी तेव्हाच ठरवलं, की हा आवाज चालणार.

तो आवाज नखाएवढ्या चिपमध्ये भरायचा. भरलेल्या चिपा ट्रेमध्ये मांडून कोंबडीपुढे ठेवायच्या. वैशालीला याची फार गंमत. "पाहा वो, पाहा, मले उचलून राह्यली!" कॅमेऱ्यावर चिप क्षणभर थांबली की म्हणायची, "खालून काय पाह्यते वं? लाज नाई काय?" त्या मोसमात गावोगाव डबे बोलले आणि बाया मागे आल्या. वैशालीच्या गावातही आल्या. ती सोमवारी येऊन सांगत होती, "माय घरी आली अन् मलेच म्हन्ते, एवढ्या जोरात काऊन ओरडते वं? गावात काही इज्जत आहे का नाई आपली?"

पावसाळा संपता संपता तिला ताप आला. हिवताप, डोक्यात गेला. गावाहून मूल, मूलहून चंद्रपूर. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती गेली होती आणि शेवंताबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "आज कामावर नाई येनार ते." मी बरं म्हटलं.

हिवाळ्यात आणखी गावांसाठी डब्यांचं काम आलं. आवाजाची फाईल होती, चिपा होत्या, कोंबडी होती. टपटप करत तिने बोर्ड भरले. पण भट्टीतून निघालेला प्रत्येक बोर्ड टेस्टिंगच्या टेबलावर जोडून, बटण दाबून ऐकावा लागतो. म्हणजे बाई वो, जनावर आहे. पुढचा बोर्ड. बाई वो, जनावर आहे. टेबलावरच्या पोरीने मला विचारलं, "मॅडम, आवाज कमी करू काय?" मी नाही म्हटलं. पूर्ण आवाजात फाटतो का, तेच तर बघायचं असतं. न ऐकलेला बोर्ड जंगलात पाठवता येत नाही.

तर तो आवाज दिवसभर बोलत राहिला. पोरी भिंगावर वाकून काम करत होत्या, कोणी कोणाकडे बघत नव्हती. मला मागून जाताना ऐकू आलं, की प्रत्येक हाकेनंतर कोणीतरी अगदी हळू म्हणतं आहे, "आली वं, आली." कोण ते दिसलं नाही. मी शोधलंही नाही. आवाज बदलायचं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्या वस्तूने काम होतं आहे, ती मी बदलत नाही. आणि त्या आवाजाने बाया मागे येत होत्या.

मग मोह गळायला लागला, आणि नामदेवभाऊंचा फोन आला. नामदेवभाऊ वैशालीच्याच गावचे. सौरपत्रा पुसणं, वायरी बघणं, डबा चालू आहे का ते सांगणं, हे काम गावात त्यांच्याकडे होतं.

"बाई, डबा बराबर आहे," ते म्हणाले. "मानूस बराबर नाई."

"काय झालं?"

"डबा बोलला का सारे बाया मांगं येतेत. शेवंताबाई पुढं जाते."

मला नीट समजलं नाही. पुढे म्हणजे कुठे? खांबाकडे, ते म्हणाले. खांब मोहांच्या पलीकडे, जिथून दाट जंगल लागतं तिथे रोवलेला. आवाज तिथून येतो. बाकी बाया गावाकडे धावत सुटल्या की शेवंताबाई टोपली ठेवून, पदर खोचून, सरळ त्या खांबाच्या दिशेने चालू लागतात.

"आज मी हाताले धरून ओढून आनलं. खांबाच्या मांगं नाला आहे ना, त्याच्या वाळूत पंजा होता, बाई. काठाची वाळू अजून आत ढासळून राह्यली होती. म्हन्जे किती जवळ असन, तुमीच पाहा."

"डबा बंद करा मग."

"बंद केला तं बाकीच्या बायाइचं काय? अन् मी रोज त्याइच्या मांगंच फिरू काय? माह्या घरची बी मोह वेचाले जाते."

बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले.

शेवंताबाईंच्या अंगणात मोह वाळत घातला होता. त्यांनी तो हाताने उलटा-पालटा करणं थांबवलं नाही. घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली वैशालीचा आयटीआयचा फोटो, ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात ती मुळीच हसत नव्हती, त्यामुळे दुसरीच कोणी वाटत होती. मी जयभीम केला, बसले. चहा आला. मला आडवळणाने विचारता येत नाही.

"शेवंताबाई, तुमी पुढं काऊन जाता?"

"नामदेवानं सांगतलं वाट्टे. त्याच्या पोटात काही राह्यत नाई."

"डबा काय म्हन्ते ते ऐकू येते ना तुमाले?"

"मले काय भैरी समजता? मांगं या, म्हन्ते."

"मग?"

त्यांनी मोहाची एक मूठ उचलली, त्यातली काडी काढून टाकली. "सारे बायाइले मांगं बोलावते ते. सारे मांगं येतेत. तिले कोन मांगं आनते? ते तं तिथीच राह्यते."

मी त्यांना सांगितलं, की तिथे कोणी नाही, बोर्ड आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मलाच लाज वाटली. "ठाऊक आहे, बाई. कोंबडी उचलते अन् ठेवते, तिनंच सांगतलं मले. सारं समजते डोकशात." मग म्हणाल्या, "पाय तं जातेच."

वैशालीचा आवाज तुमच्या फोनमध्ये भरून देते, पाहिजे तेव्हा ऐका, असंही मी म्हणून बघितलं. मला तो उपाय चांगला वाटत होता. त्या म्हणाल्या, "फोनातली तं घरातच आहे ना. तिची काय काळजी? हे बाहीर आहे."

तेव्हा हा मला एका दुखावलेल्या बाईचा हट्ट वाटला होता. पण मागच्या वर्षी मी हेमलकशाहून एका कामावरून परत येत होते. सकाळची वेळ, गाडी पंक्चर, ड्रायव्हर चाक बदलत होता आणि मी रस्त्याच्या कडेला पाणी पीत उभी. त्या भागात आमचे जुने डबे आहेत, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. सागाच्या पानांमागून, कुठून तरी लांबून, स्पष्ट आवाज आला. बाई वो, जनावर आहे. पुढचे शब्द पानांत विरले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, कुठी चालल्या?" मी बघितलं तर मी रस्ता सोडून खाली उतरले होते. पायाखाली वाळका पाला वाजत होता. मी जनावराचा इशारा ऐकला होता, तो इशारा मीच बनवला होता, आणि मी त्याच्याच दिशेने निघाले होते. परत येऊन गाडीत बसले. ड्रायव्हरला सांगितलं, पाय मोकळे करत होते.

असो. त्या दिवशी अंगणात शेवंताबाईंनीच विषय संपवला. "आवाज बदलनार तुमी."

"हो."

"मले पुसून राह्यले, का सांगून राह्यले?"

"सांगून राह्यली."

त्या मान हलवून पुन्हा मोह पसरू लागल्या. चहाचा कप मीच उचलून आत ठेवला.

आता दुसरा आवाज पाहिजे होता. शब्द तेच ठेवायचे, ते चांगलेच होते. मी हॉलमध्ये विचारलं. एकही पोरगी तयार होईना. एरवी गाणी म्हणायला, नकला करायला सगळ्या पुढे. शेवटी एक जण म्हणाली, "नोको वो, मॅडम. जिचा आवाज डब्यात गेला, ते..." आणि थांबली. मी विचारलं, ते काय? "काही नाई." मी त्यांना हिवताप म्हणजे काय, तो कशाने होतो, डब्याचा त्याच्याशी काय संबंध, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मान डोलावली. तयार कोणी झालं नाही. गावातल्या बायांनाही विचारून झालं. तिथे तर दारातूनच हात जोडले. नामदेवभाऊ म्हणाले, "माहा घ्या." मग आपणच हसले. "नोको. मी आयुष्यभर ओरडूनच राह्यलो त्याइच्यावर. माहा आवाज ऐकला तं दोन टोपल्या जास्त वेचतीन."

तेव्हा मीच त्या खोलीत गेले. फ्रीज बंद केला, दार लावलं, ओरडले. माझा आवाज हजेरी घेणाऱ्या बाईचा आहे. त्यात माया वगैरे काही नाही. ऐकून बघितला, शब्द स्पष्ट होते. बाहेर आले तेव्हा हॉलमधल्या पोरी आपापल्या जागी ताठ बसून काम करत होत्या.

नवीन चिपा यायला वेळ होता आणि मोह थांबणार नव्हता. आधीच्या कामातल्या भरून ठेवलेल्या चिपा ट्रेमध्ये उरल्या होत्या, त्याच घ्यायच्या ठरल्या. चिपमध्ये नवा आवाज भरायचा तर जुना आधी पुसावा लागतो. हे काम कोणाला सांगायचं, म्हणून मीच बसले. चिप खाचेत बसवायची, कळ दाबायची, पडद्यावर एक पट्टी भरत जाते, झालं. पुसताना आवाज होत नाही. मी उगाच वाट बघत होते, की होईल.

मग ट्रे कोंबडीपुढे ठेवला. तिने पहिली चिप उचलली, कॅमेऱ्यावर धरली, आणि ठेवली नाही. नाकारलेल्या भागांच्या खोक्यात टाकून दिली. लाल दिवा लागला. मशीनवरची पोरगी माझ्याकडे बघायला लागली. हॉलमध्ये टपटप थांबली की शांतता कानाला टोचते. मी खोक्यातून ती चिप काढली, भिंगाखाली धरली. खाचेतून काढताना तिचा एक पाय वाकला होता, माझ्याच हाताने. मी सगळ्यांना एकेक करून भिंगातून तो वाकलेला पाय दाखवला. सगळ्यांनी बघितला, हो म्हटलं. तरी त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सगळ्या जणी आपापला डबा घेऊन मशीनपासून लांब जाऊन बसल्या. बाकीच्या चिपा मशीनने निमूट उचलल्या. तिला खालून फक्त पाय दिसतात, ते सरळ असले की झालं. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला.

ज्या गावांत वैशालीला कोणी ओळखत नव्हतं, तिथले डबे आम्ही तसेच राहू दिले. ते चालत होते. त्यानंतर जे बनले त्यांत माझा आवाज गेला. म्हणजे आज या दोन जिल्ह्यांत, कुठे ती आणि कुठे मी, अशा आम्ही पहाटे बायांना ओरडत असतो. आमच्यातली एकच जण संध्याकाळी घरी येते.

शेवंताबाईंच्या गावातला बोर्ड बदलायला मी स्वतः गेले. नामदेवभाऊ शिडी धरून उभे होते, मी जुना काढून नवा बसवला. मुक्काम त्यांच्याच घरी केला, आणि पहाटे नामदेवभाऊंसोबत बायांच्या मागोमाग मोहाकडे गेले. मला बघायचंच होतं. शेवंताबाईंचं झाड सगळ्यांत पलीकडचं, खांबाच्या बाजूचं. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण रागावलेल्याही दिसल्या नाहीत. झाडाखाली बसून वेचू लागल्या. उजेड असा, की फुलं दिसत होती आणि माणसं नाही. काळ्या जमिनीवर फूल पडतं त्याचा टप असा ओला आवाज होतो. सगळीकडून तो येत होता. बाया आपसात चेष्टा करत होत्या. कोणाच्या तरी सुनेने माहेरी जाऊन बसण्याबद्दल चाललं होतं.

आणि डबा बोलला.

स्वतःचा आवाज जंगलातून ऐकणं मी कोणाला सांगणार नाही, की करून बघा. बायांची चेष्टा तुटली. टोपल्या तिथेच टाकून त्या उठल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंनी गावाकडे पळाल्या. पळता पळता एक जण म्हणालीच, "मॅडम वाट्टे वं, सुट्टी झाली!" आणि दुसरी हसली, धापा टाकत.

शेवंताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. तोंड खांबाकडे. डब्याला काय कळलं होतं, रानडुक्कर, अस्वल की तो स्वतः, ते आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. नामदेवभाऊ धावायच्या तयारीत पुढे वाकले होते. मी त्यांचा दंड धरला होता, त्यांना थांबवायला की आधाराला, सांगता येणार नाही. डबा पुन्हा बोलला. शेवंताबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या वळल्या. पळाल्या नाहीत, रोजच्या चालीने, रिकाम्या हातांनी, झाडांखालून आमच्याकडे आल्या. नामदेवभाऊंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"बराबर आहे तुमचा आवाज, बाई," त्या म्हणाल्या. "तिकडे आपलं कोनी आहे, असं वाटत नाई."